भट्टीआधीची तपासणी पुरेशी नाही

आम्ही कापडाचे व्यापारी कोरा माल रंगाईला देण्याआधी तपासतो आणि रंगून आल्यावर पुन्हा तपासतो. पहिल्या तपासणीची चिठ्ठी दाखवून तयार माल कोणी आमच्या गळ्यात मारू शकत नाही. मात्र त्याच प्रोसेस हाऊससाठी बॉयलर किंवा दाबाचे भांडे घेताना आपण भाव पाडतो, सर्टिफिकेट फायलीला लावतो आणि त्यावरची तारीख वाचतही नाही.

जाड पत्रा वेल्डिंगने जोडला की जोडात ताण राहतो. तो कमी करण्यासाठी साध्या पोलादाचे भांडे भट्टीत सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून सावकाश थंड करतात. जोडाचा एक्स-रे त्याआधी काढण्यात गैर काही नाही. दोष तेव्हाच सापडला तर दुरुस्ती स्वस्तात होते. नंतर सापडला तर बहुधा पुन्हा भट्टी लावावी लागते. पण त्यातही घाई नको. वेल्डिंगमध्ये शिरलेल्या हायड्रोजनमुळे पडणारी चीर कधी कधी एक-दोन दिवसांनी दिसते.

दुसरी गोष्ट अशी की, क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम असलेल्या काही पोलादांत भट्टीतच नवी चीर पडू शकते. आधीचा एक्स-रे ती कशी दाखवणार?

डिसेंबर १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये अमोनिया कारखान्यासाठी बनवलेले असेच एक जाड भांडे पाण्याच्या दाबाच्या चाचणीतच फुटले. सुमारे दोन टनांचा तुकडा चाळीस मीटरपलीकडे जाऊन पडला. जोडाजवळ बारीक चिरा राहून गेल्या होत्या. जोडाच्या कठीणपणावरून कळले की भट्टीची उष्णता ठरल्याइतकी पोचलीच नव्हती. म्हणजे 'भट्टी लावली' एवढा शिक्काही पुरेसा नाही.

दुसऱ्या तपासणीचा खर्च कोणी द्यायचा, हा वाद नेहमीचा. माझे मत स्पष्ट आहे: तो खरेदीदाराने द्यावा आणि ऑर्डरमध्येच लिहून घ्यावा. एक्स-रे भट्टीआधी, भट्टीच्या तापमानाचा आलेख सोबत, आणि भट्टीनंतर जोडांची अल्ट्रासॉनिक व पृष्ठभागाची तपासणी. साध्या पोलादाला धोका कमी, तिथे नियमाप्रमाणे पहिली तपासणी अनेकदा चालते. मिश्र पोलादाला मात्र सवलत नको.

तागा खराब निघाला तर आपण परत करतो. बॉयलर खराब निघाला तर त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या कामगाराला कोण परत आणणार?