शेगडी आपली, खोली त्यांची



मागच्या महिन्यात आपल्या मंडळाची गजपंथा-मांगीतुंगी यात्रा झाली. नाशिकच्या एका हॉटेलात सहा खोल्या तीन रात्रींसाठी घेतल्या होत्या, पैसे आगाऊ भरले होते. दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या आत जेवण व्हावं म्हणून एका खोलीत शेगडीवर खिचडी टाकली आणि पडदा पेटला. आग लगेच विझली. पण रात्री नऊला मालक आले आणि त्यांनी अर्ध्या तासात सहाही खोल्या रिकाम्या करायला लावल्या. पैसे परत दिले नाहीत.

तेव्हापासून ग्रुपवर एकच चाललंय, "आपण जैन म्हणून हाकललं." मला हे पटत नाही आणि मी गप्पही बसणार नाही, कारण ती शेगडी माझी होती.

जैन म्हणून हाकललं असतं तर मी पहिली भांडले असते. धर्म, जात, लिंग एवढ्याच कारणावरून हॉटेलात प्रवेश नाकारता येत नाही, हे संविधानाच्या १५ व्या कलमातच आहे. पण बुकिंग 'जैन महिला मंडळ' याच नावाने झालं होतं. आमचं स्वागतही झालं. खोलीत स्वयंपाक करू नये, असं दाराच्या मागे लिहिलेलं होतं. ते मी वाचलं होतं, तरीही शेगडी काढली.

"पैसे भरले म्हणजे खोली आपली," असं एक वहिनी म्हणाल्या. तसं नसतं. हॉटेलातला पाहुणा भाडेकरू नव्हे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातून हॉटेलची खोली मुद्दाम वगळलेली आहे. पाहुण्याला मिळते ती फक्त राहण्याची परवानगी, आपण ज्याला लायसन्स म्हणतो ती. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे ती सहसा मागे घेता येते, त्यासाठी आधी कोर्टात जावं लागत नाही. बी.कॉम.ला असताना व्यापारी कायदा पाठ केला होता, तो इतक्या वर्षांनी असा कामी आला.

धर्माचं म्हणाल तर आपल्याकडे न दिलेलं घेणं हीच चोरी. त्यांनी राहायला खोली दिली होती, चूल मांडायला नाही. रात्रिभोजनाचा त्याग सांभाळायचा म्हणून अचौर्य मोडायचं का? शेजारच्या खोलीत तान्हं बाळ होतं. पडद्याची आग तिथपर्यंत गेली असती तर अहिंसेचं नाव कोणत्या तोंडाने घेतलं असतं?

आता मालकांचं. त्यांचा अधिकार मान्य, पण त्याला मर्यादा आहेत. याच कायद्याच्या ६३ व्या कलमात परवानगी काढून घेतल्यावर निघायला आणि सामान न्यायला वाजवी वेळ द्यायला सांगितलं आहे. रात्री नऊला, गुडघेदुखीच्या बायकांना अर्धा तास, हा वाजवी वेळ नव्हे. ६४ वं कलम सांगतं की मोबदला घेऊन दिलेली परवानगी पाहुण्याची चूक नसताना मधेच काढली, तर भरपाई द्यावी लागते. शेगडी एका खोलीत होती. बाकीच्या पाच खोल्यांची चूक काय?

हिशोब सरळ आहे. सहा खोल्या, तीन रात्री, म्हणजे १८ भाडी. पहिल्या रात्रीची ६ वापरली, उरली १२. त्यातली २ माझ्या खोलीची, ती माझ्या चुकीने गेली. राहिलेली १० परत मिळायला हवीत. पडद्याचे पैसे मी पाठवले आहेत. त्याबरोबर १० भाडी मागणारं पत्र आणि पावतीची प्रत पाठवली आहे. उत्तर आलं नाही तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, तिला दोन वर्षांची मुदत असते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. पण "जैन म्हणून हाकललं" असं त्या तक्रारीत लिहिलं तर मी सही करणार नाही. खऱ्या मागणीला खोटं कारण जोडलं की खरी मागणीही बुडते.

पुढच्या यात्रेला बुकिंग करतानाच विचारू, सूर्यास्ताआधी कांदा-लसूण-बटाट्याशिवाय जेवण मिळेल का? 'हो' म्हणाले तर ते लेखी घेऊ. 'नाही' म्हणाले तर धर्मशाळा बघू, नाहीतर दशम्या, चटणी, लाडू बांधून नेऊ. आपल्या सासवा बैलगाडीने यात्रेला जायच्या, त्यांचा नेम कधी मोडला नाही. माझी शेगडी मात्र आता माळ्यावर गेली आहे. कुणी मागितली तरी मिळणार नाही.