घरचें आरोग्य : दंतवैद्याच्या खुर्चींत बसण्यापूर्वीं

आमच्या सासूबाई सोंवळ्याच्या फार कडक. पिण्याच्या पाण्याच्या घागरीला घरच्या मुलांनींही विनाकारण हात लावलेला त्यांना खपत नाहीं. दुसऱ्याच्या ओठाला लागलेलें भांडें विसळल्यावांचून त्या तोंडाशीं नेणार नाहींत. अशा या सासूबाई गेल्या वर्षीं दाढ दुखूं लागली म्हणून एका दंतवैद्याच्या खुर्चींत बसल्या. आदल्या रोग्याच्या तोंडांतून निघालेला आरसा निळसर द्रवाच्या तसराळ्यांत पडला होता. तो उचलून, कापसानें पुसून, त्यांच्या तोंडांत घातला गेला, तरी त्यांनीं हूं कीं चूं केलें नाहीं. मीं मात्र धीर करून विचारलें, “डॉक्टरसाहेब, हीं हत्यारें वाफेंत उकडलेलीं आहेत ना?” डॉक्टर हंसून म्हणाले, “काळजी करूं नका, आमच्याकडे चांगल्या घरचेच लोक येतात.” सासूबाईंनीं मला डोळ्यांनींच दटावलें. जिना उतरतांना म्हणाल्या, “अग, वैद्याला असें विचारायचें असतें का? काय वाटलें असेल त्यांना!”

त्यांना काय वाटलें असेल तें असो. काविळीचे जंतू चांगलें घर आणि वाईट घर ओळखीत नाहींत. ‘ब’ जातीच्या काविळीचा विषाणु शरीराबाहेर निदान ७ दिवस तग धरूं शकतो, आणि ज्याच्या रक्तांत तो असतो त्याला स्वतःलाही पुष्कळदां त्याचा पत्ता नसतो. ज्या उष्ट्याला भ्यावयाचें तें हें. आणि नेमकें त्याच उष्ट्याविषयीं आम्ही सोंवळीं माणसें कांहीं विचारीत नाहीं, कारण समोर पांढरा डगला असतो. त्या दवाखान्यांत गार हवेचें यंत्र होतें, काचेच्या टांकींत रंगीत मासे होते, बसावयास मऊ कोच होते. माशांवरून हत्यारांची परीक्षा होत नाहीं, एवढेंच मी त्या दिवशीं शिकलें.

दुसरे डॉक्टर एका जुन्या वाड्याच्या माडीवर बसतात. मासे नाहींत. पण हत्यारें कागदी पाकिटांत बंद होतीं, व तीं त्यांनीं आमच्या देखत फोडलीं. पाकिटावर एक पट्टी असते; उष्णता लागली म्हणजे तिचा रंग पालटतो. मीं कुतूहल दाखविलें तेव्हां त्यांनीं न कंटाळतां आंतलें यंत्रही दाखविलें. तें आपल्या स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरचेंच मोठें भावंड. दाबाखालीं वाफ १३४ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापते, आणि त्या तपमानावर निदान ३ मिनिटें हत्यारें राहावीं लागतात; १२१ अंशांवर अधिक वेळ लागतो. नुसत्या उकळत्या पाण्याचें तपमान १०० अंशांपुढें जात नाहीं, आणि कांहीं जंतूंचीं बीजें त्याला दाद देत नाहींत. रंगीत पट्टी तरी काय सांगते? उष्णता लागली, एवढेंच. जंतू मेले किंवा कसें हें पाहावयाचें तर अशाच चिवट बीजांची एक कुपी हत्यारांबरोबर यंत्रांत ठेवावी लागते, व मागाहून तीं बीजें उगवतात का तें तपासावें लागतें. त्या परीक्षांच्या तारखा लिहिलेली वही त्या डॉक्टरांपाशीं होती. मला तर त्या वहीचेंच अधिक कौतुक वाटलें.

आणखी दोन गोष्टी त्यांच्याकडून कळल्या, त्या गृहिणींनीं ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. दांत कोरावयाचें जें गरगर फिरणारें यंत्र असतें, तें थांबतांना रोग्याची लाळ व रक्त आंत ओढून घेऊं शकतें. म्हणून तें वरून स्पिरिटानें पुसून भागत नाहीं; प्रत्येक रोग्यानंतर तेंही वाफेंत गेलें पाहिजे. दुसरी गोष्ट पाण्याची. खुर्चीच्या बारीक नळ्यांत पाणी सांचून राहिलें म्हणजे आंतून बुळबुळीत थर धरतो व त्यांत जंतू वाढतात. इटलींत २०११ सालीं ८२ वर्षांच्या एक बाई दंतवैद्याकडे जाऊन आल्यावर फुफ्फुसांच्या दुखण्यानें वारल्या, आणि त्यांच्या दुखण्याचे जंतू त्या दंतवैद्याच्या खुर्चीच्या नळींत सांपडले. अमेरिकेंतील सरकारी सूचनांप्रमाणें या पाण्याच्या एका मिलिलिटरांत ५०० हून अधिक जंतू नसावेत. ही मोजणी आपल्याला करतां येणार नाहीं हें उघड आहे, पण “नळ्या केव्हां व कशानें साफ करतां?” एवढें विचारतां येतें. ज्याला उत्तर ठाऊक असतें तो या प्रश्नानें रागावत नाहीं.

आपल्याकडे दंतवैद्यांचा कायदा १९४८ सालीं झाला. त्या वेळीं पदवीधरांचीं नांवें नोंदवहीच्या ‘अ’ भागांत, आणि पदवी नसतांही निदान ५ वर्षें याच धंद्यावर पोट भरणाऱ्यांचीं ‘ब’ भागांत घेण्याची सोय होती. त्या सवलतीचे दिवस गेले. आतां भिंतीवर पदवी व राज्य दंत परिषदेचा नोंदणी-क्रमांक दिसलाच पाहिजे. क्ष-किरणांचें यंत्र असेल तर त्याची नोंद अणुऊर्जा नियामक परिषदेकडे हवी. आणि वापरलेल्या सुया, २०१६ च्या कचऱ्याविषयींच्या नियमांप्रमाणें, न भोंसकणाऱ्या पांढऱ्या डब्यांत पडल्या पाहिजेत. परंतु नोंदणी झाली म्हणून काल वाफेचें यंत्र चाललेंच होतें असें थोडेंच सिद्ध होतें?

इंग्लंडांत २०११ पासून एक सरकारी आयोग दंतवैद्यांच्या जागा तपासतो. तो पांच प्रश्न पुढें ठेवतो: काम सुरक्षित आहे का, गुणकारी आहे का, वागणुकींत आपुलकी आहे का, लोकांच्या गरजेकडे लक्ष दिलें जातें का, आणि व्यवस्था नीट आहे का. तपासनीस वह्या पाहतात, प्राणवायूची नळकांडी व तातडीचीं औषधें जागेवर आहेत का, त्यांची मुदत संपली तर नाहीं ना, हें पाहतात. अहवाल कोणासही वाचतां येतो. आपल्याकडे असें होईल तेव्हां होवो. तोंवर ही तपासणी घरच्या माणसालाच करावी लागणार, आणि बहुधा ती सुनेच्या वांट्याला येणार.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि माझ्या मतें तीच पहिली. सासूबाईंना मधुमेह आहे, आणि हृदयासाठीं रक्त पातळ ठेवणारी गोळी त्या रोज घेतात. पहिल्या डॉक्टरांनीं हें विचारलेंच नाहीं. दाढ लगेच काढावयास ते सिद्ध होते. माडीवरच्यांनीं आधीं औषधांची चिठ्ठी मागितली, साखर तपासून आणावयास सांगितली, आमच्या हृदयाच्या डॉक्टरांशीं टेलिफोनवर बोलले, गोळी आपल्या मनानें बंद करूं नका असें दोनदां बजावलें, आणि मग आठ दिवसांनीं दाढ काढली. पैसे थोडे अधिक पडले. मामंजींनीं त्यावर दोन दिवस कुरकुर केली.

परवां जाऊबाईंच्या बंडूला घेऊन सासूबाई स्वतःच त्या माडीवर गेल्या. बंडू खुर्चींत चढण्यापूर्वीं त्यांनीं डॉक्टरांना सांगितलें म्हणे, “पाकीट इकडे उजेडांत फोडा हो, मला आतांशा नीट दिसत नाहीं.”