पोरांना खेटे घालू द्या

माघ लागला की रविवारी पहाटे पंचगंगेच्या घाटावर माणसं जमू लागतात. वडणगे, निगवे, कुशिरे मागे टाकत ती गायमुखाकडे निघतात आणि तिथून जोतिबाच्या डोंगरावर चढतात. हे एकदा करून भागत नाही. पाच रविवार तीच वाट, तोच चढ, तोच देव. याला कोल्हापुरात खेटे म्हणतात. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्याशी जोडला गेल्यामुळे हा शब्द हल्ली त्रासाचा वाटतो. मला त्यात एक जुनं शहाणपण दिसतं. एखाद्या जागेशी नातं जुळायचं असेल तर तिथे परत परत जावं लागतं, आणि तेही पायी. लहान मुलांना रानावनात कसं न्यावं याचं उत्तर या एका शब्दात आहे असं मी मानतो. चार ते आठ वर्षांच्या मुलाला वर्षातून एकदा लांबची सहल घडवण्यापेक्षा घरापासून तासाभरात गाठता येईल अशा एकाच माळावर, एकाच ओढ्याकाठी किंवा एकाच टेकडीवर वर्षभरात दहा-बारा वेळा चालवत न्यावं आणि जागा अंगवळणी पडली की उघड्या आभाळाखाली एखादी रात्र काढावी, असं माझं सांगणं आहे.

आपली नेहमीची पद्धत याच्या अगदी उलट आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण सुट्टीच्या दिवशी पन्हाळा पाहिला जातो तो कसा? गाडी तीन दरवाज्यापाशी थांबते, मग अंबारखान्यापाशी, मग सज्जाकोठीपाशी. प्रत्येक ठिकाणी फोटो निघतात, झुणका-भाकर होते, आणि तिन्हीसांजेला गाडी परत रंकाळ्यावर. त्या दिवसभरात सहा वर्षांचं मूल सलग दहा मिनिटंही आपल्या मनाने चाललेलं नसतं. मोठ्यांना पोचायचं असतं. मुलाला शेणाची गोळी उलट्या पायांनी ढकलत नेणारा किडा शेवटी कुठे जातो ते बघायचं असतं. लाजाळूची पानं मिटली की पुन्हा उघडायला किती वेळ लागतो हे त्याला तिथेच बसून मोजायचं असतं. अशा चालीने एका किलोमीटरला एक तास लागतो, आणि तो लागू द्यावा. यादीतली सहा ठिकाणं उरकायची असली की आपण त्याला हाताला धरून ओढतो, आणि वर ‘याला फिरायची आवडच नाही’ असा शेराही मारतो.

एकाच जागी परत गेल्याने काय मिळतं, ते पन्हाळ्याला लागूनच असलेल्या मसाई पठारावर फार चांगलं समजतं. वैशाखात तिथे उघडा जांभा खडक, करपलेलं गवत आणि ऊन, एवढंच असतं. आषाढात धुकं इतकं उतरतं की दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही आणि वारा लहान पोराला अक्षरशः ढकलतो. भाद्रपदात त्याच खडकावर तेरडा, सोनकी, गेंद आणि सीतेची आसवं फुलतात. खडकावर मातीचा थर जेमतेम असतो, पाणी फार काळ टिकत नाही, म्हणून या झाडांना उगवणं, फुलणं आणि बी धरणं पावसाच्या चार महिन्यांतच उरकावं लागतं. सीतेच्या आसवांची गंमत आणखी वेगळी. या पातळ मातीत पोषण कमी, म्हणून ही इवली वनस्पती ओल्या मातीतल्या आपल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते आणि त्यांच्यावर गुजराण करते. हे बघायला मोठ्या माणसाला पोटावर पडावं लागतं, मुलाचे डोळे आधीच त्या उंचीवर असतात. मार्गशीर्षात सगळं पठार पिवळं पडतं, आणि फाल्गुनात वणव्याचे काळे पट्टे दिसतात. भाद्रपदातला एकच रविवार पाहिलेल्या मुलाला ‘फुलांचं पठार’ आठवेल. पाच वेळा गेलेलं मूल मात्र विचारेल की ती फुलं गेली कुठे, आणि आता जळलेल्या जागी काय उगवणार? पहिली आठवण फोटोतही राहते. दुसरा प्रश्न पाय तिथे पाच वेळा गेल्याशिवाय पडत नाही. वर्ष म्हणजे काय, ऋतू म्हणजे काय, हे सहा वर्षांच्या मुलाला तक्त्यावरून शिकवणं अवघड असतं. ओळखीची जागा ओळखू येईनाशी झाली की ते त्याचं त्यालाच कळतं.

शास्त्रीय पुरावाही सातत्याच्या बाजूचा आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांतल्या सहा-सात वर्षांच्या सुमारे १,९०० मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटं जादा वेळ घराबाहेर, उजेडात काढायला लावला. तीन वर्षांनंतर त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना लांबचं धूसर दिसण्याचा, चष्मा लागण्याजोगा दोष आला होता, तर नेहमीप्रमाणे चाललेल्या शाळांत हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या पुढे होतं. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती, शेवाळ आणि झुडपं आणून बसवली आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना तिथे रोज खेळू दिलं. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या उपयोगी जिवाणूंची विविधता वाढली आणि प्रतिकारशक्तीशी संबंधित काही घटकांत चांगले बदल दिसले. हा प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठे इमले रचू नयेत. आणि दोन्हीकडे डोंगर नव्हता की धबधबा नव्हता. एकीकडे शाळेचा परिसर, दुसरीकडे पाळणाघराचं अंगण. फायदा झाला तो रोज-रोज बाहेर असण्याचा. मे महिन्यातले महाबळेश्वरचे तीन दिवस कितीही आनंदाचे असले तरी ती भरपाई करत नाहीत. म्हणून घराजवळची टेंबलाईची टेकडी, कळंब्याचा काठ, विद्यापीठाच्या आवारातली झाडी यांना मी दूरच्या थंड हवेच्या ठिकाणापेक्षा वरचा मान देतो.

पालकांची पहिली हरकत भीतीची असते, आणि ती खोटी नाही. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत. गवे तर शहराच्या वेशीपर्यंत आले आहेत, आणि डिसेंबर २०२१ मध्ये कोल्हापूरजवळ गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. मुलांना नेऊच नये, हा यावरचा उपाय नव्हे. धोका कशाचा आणि कुठे, हे आधी आपण शिकावं आणि मग मुलाला शिकवावं. पायात बूट, अंधारात हातात बॅटरी, दगडाखाली हात घालायचा नाही, गवा दिसला की जवळ जायचं नाही, आलो त्या वाटेने मागे फिरायचं. साप चावला तर मांत्रिक नाही, कापाकापी नाही, तडक सरकारी दवाखाना. या चारही सापांच्या विषावर चालणारी लस तिथे मिळते. मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती पाण्याची. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत मुलं होती. ओढ्याचं पाणी फक्त आपल्या डोक्यावरच्या पावसाने वाढत नाही, डोंगरावर कुठेतरी न दिसणाऱ्या पावसानेही वाढतं. पहिल्यांदाच आलेल्या माणसाला हे दिसायला मार्ग नसतो. राऊतवाडी काय, बर्की काय, भर पावसात लहान मुलांना धबधब्याखाली नेऊच नये असं मी स्पष्ट सांगेन. ज्या ओढ्याचं उन्हाळ्यातलं कोरडं पात्र मुलाने पाहिलंय, त्याचंच आषाढातलं रूप लांबून दाखवावं. पाण्याचा धाक बसायला तेवढं पुरतं.

रात्रीच्या मुक्कामालाही हाच क्रम लावावा. तंबू विकत घेऊन पहिल्याच खेपेला दाजीपूरच्या जंगलाकडे धावायची गरज नाही. ते ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे, पावसाळ्यात ते पर्यटकांसाठी बंद असतं, आणि वन विभागाच्या परवानगीशिवाय आत रात्र काढता येत नाही. हे सगळं योग्यच आहे. ते घर गव्यांचं आहे. मुलाची पहिली रात्र आपल्याच गच्चीवर होऊ दे, दुसरी पाहुण्यांच्या मळ्यात. मात्र झोपायचं खाटेवर किंवा पक्की चेन लावलेल्या तंबूत, कारण मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. पौष-माघात मळ्यात गेलात तर जवळपास कुठे ना कुठे गुऱ्हाळ चालू असतं. उसाचा रस काहिलीत कसा उकळतो, गुळव्या कोणत्या क्षणी चुलवाणाचा जाळ ओढतो, हे मुलांनी लांबूनच बघावं, काहिलीजवळ त्यांना सोडू नये. हातात गरम काकवीची वाटी घेऊन ती बसली की रात्र निम्मी जिंकली. मग अंधार पडतो, आणि उसात कोल्हेकुई सुरू होते. पहिल्या रात्री मूल घाबरून आईला बिलगेल. दुसऱ्या वेळी हा कोल्हा, ही टिटवी, तो पिंगळा असं सांगू लागेल. ओळख झाली की भीतीची धार जाते, आणि ओळख एका रात्रीत होत नाही.

वेळ आणि पैसा हीदेखील खरी अडचण आहे. फौंड्रीत पाळीने काम करणाऱ्या बापाची सुट्टी आणि शाळेची सुट्टी एकाच दिवशी येईलच असं नाही. ‘आपण सगळे फिरायला जाऊ’ म्हणताना पहाटे चारला उठून डबे भरायचे ते आईने, हेही घरोघरचं वास्तव. उपाय बापाने डबा भरण्याचा आहे, आणि डबा म्हणजे भाकरी, ठेचा, दही एवढाच. लांबच्या सहलीला गाडी, हॉटेल, सगळ्यांची एकत्र सुट्टी लागते. टेंबलाईला जायला एक मोठं माणूस आणि दोन तास पुरतात. शाळांनीही हे मनावर घ्यावं. वार्षिक सहलीचे पैसे भरता न आल्याने वर्गातली काही मुलं त्या दिवशी घरी बसतात. त्याऐवजी महापालिकेच्या प्रत्येक शाळेने एक टेकडी किंवा एक तळं आपलं मानावं आणि पहिली-दुसरीच्या वर्गांना महिन्यातून एकदा तिथे न्यावं. पावती फाडायची वेळच येणार नाही.

सगळ्यात अवघड हरकत ऊसतोड मजुरांच्या पोरांची आहे. दसऱ्यानंतर बीडकडून माणसं येतात, फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात आणि त्यांची मुलं पुढचे चार-पाच महिने थंडीत, पाचटाच्या भिंतीआड झोपतात. उघड्यावर झोपण्यात एवढं शिक्षण असेल तर ही मुलं सर्वांत शहाणी व्हायला हवी होती, असं कुणी म्हणालं तर त्याला गप्प करण्याचा अधिकार आपल्याला नाही. आभाळ आपोआप काही शिकवत नाही. आपल्या मुलाला मळ्यातली रात्र गोड लागते, कारण त्याच्या अंगावर गोधडी असते, शेजारी घाई नसलेलं मोठं माणूस असतं आणि सकाळी परत जायला घर असतं. कोपीतल्या पोराला यातलं काहीच नसतं. त्याला आधी पक्कं छप्पर आणि न तुटणारी शाळा हवी. तेव्हा मळ्यात मुक्कामाला गेलेल्या मुलाने समोरच्या कोपीतला दिवा बघून ‘त्यांचाही कॅम्प आहे का?’ असं विचारलं, तर विषय बदलू नये. ती माणसं कुठून आली, का आली, त्यांची मुलं आता कोणत्या वर्गात असायला हवी होती, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगावं. सोनकीचं नाव सांगण्याइतकंच ते सांगणं गरजेचं आहे.

काहींना वाटेल की एवढ्या सावकाशीने पोरं पन्हाळा ते पावनखिंड कधी चालणार? जुलै १६६० मधल्या त्या रात्रीची आठवण म्हणून दरवर्षी हजारो पाय त्या वाटेवर चालतात, आणि आपल्याही मुलांनी चालावं असं वाटणं स्वाभाविक आहे. पण पाच वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून ती वाट पार करण्यात त्याचं चालणं होत नाही, आपलं होतं. आषाढातला चिखल, धुकं, बुटात शिरलेलं पाणी हे त्याने मसाईच्या पठारावर तासातासाने चार वर्षं अंगावर घेतलेलं असेल, तर बाराव्या-तेराव्या वर्षी ती रात्र सांगताना आपल्याला आवाज चढवावा लागणार नाही. सुरुवात येत्या माघात जोतिबालाच करता येईल. पाच वर्षांच्या पोराला पहिल्या वर्षी फक्त गायमुखापासून वर चढू द्या, पण पाचही रविवार. पुढच्या वर्षी कुशिऱ्यापासून. घाटावरून निघायची घाई नको. कधीतरी तेच म्हणेल, आज नदीपासून चालूया.