विश्लेषण : दुर्बीण स्थिर ठेवायची तर कार्बन फायबर हवे की वजन?

दुचाकीवर दुर्बीण बांधून सोलापूरच्या दिव्यांपासून दूर जाणाऱ्या हौशी आकाश-छायाचित्रकाराला कार्बन फायबरच्या हलक्या तिपाईचा मोह पडणारच. पण ती महाग असते आणि हलकेपणा म्हणजे स्थैर्य नव्हे. मग पैसा नेमका कुठे घालावा?

थोडा हादराही का चालत नाही?

पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतात (एक अंश म्हणजे ३६०० विकला). ५०० मिमी फोकल लांबीच्या दुर्बिणीवर पावणेचार मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला, तर हे अंतर जवळपास १० पिक्सेल भरते. माउंट हा पाठलाग कित्येक मिनिटे करतो. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली किंवा एखादा स्क्रू सैल असला, की गोल तारा लांबट उमटतो.

कार्बन फायबरचा खरा उपयोग कुठे?

यंत्रमागाच्या शहराला हे लवकर कळेल. कार्बन फायबर म्हणजे रेझिनमध्ये घट्ट बसवलेले धागे. धागा ज्या दिशेने, त्या दिशेने ताठपणा. वजन अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे ६० टक्के. शिवाय थंडीत ते जवळजवळ आखडत नाही. हिवाळ्यात रात्री पारा १० अंशांनी उतरला, तर अर्धा मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची नळी ०.१ मिमीहून अधिक आखडते आणि फोकस बिघडतो. म्हणून दुर्बिणीची नळी आणि गाइड दुर्बीण धरणाऱ्या पट्ट्या कार्बनच्या असणे फायद्याचे.

मग तिपाई का नको?

सोलापूर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर दिसतो. इक्वेटोरियल माउंटचा अक्ष त्याच्याकडे रोखला, की तो जवळजवळ आडवा होतो. भार तिपाईच्या मध्यापासून बाहेर जातो. काही माउंटमध्ये वजनाची दांडी पायाला अडते. अशा वेळी हलकी तिपाई कलंडू शकते. ती वापरायचीच असेल तर पाय पूर्ण पसरावेत आणि मधल्या आधारावर वाळूची पिशवी ठेवावी. पिशवी झुलती टांगली तर वाऱ्याने तीच हादरे देते.

प्राधान्य कशाला?

मोठ्या वेधशाळांत दुर्बिणीचा खांब इमारतीच्या पायापासून वेगळा उभारतात. पावलांचे हादरे दुर्बिणीपर्यंत जाऊ नयेत, हा हेतू. घराच्या अंगणात जागा असेल, तर काँक्रीटमध्ये रोवलेला, स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवलेला लोखंडी खांब महागड्या तिपाईपेक्षा सरस ठरेल. थोडक्यात, वर हलके आणि खाली जड. खिसा मर्यादित असेल, तर आधी खालची बाजू भक्कम करावी. कार्बनची नळी पुढच्या हंगामातही घेता येईल.