पिस्तुलावरचा लाल ठिपका : सोय की सवलत?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली मनू भाकरने दोन कांस्यपदके पटकावली, तेव्हा तिच्या पिस्तुलावर ना दुर्बीण होती ना ठिपका दाखवणारी साइट. मागे धातूची खाच, पुढे माशी आणि समोर लक्ष्य, एवढ्यावरच तिचा नेम होता. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेही अशाच पिस्तुलाने. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार पिस्तुलावर भिंग, लेसर किंवा प्रकाशाचा ठिपका दाखवणारी साइट लावता येत नाही.

अमेरिकेतील शूटिंग रेंजवर मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत चित्र झपाट्याने पालटले आहे. तेथे पिस्तुलाच्या स्लाइडवर काडेपेटीहूनही लहान आकाराची ‘रेड डॉट’ साइट बसवणे ही आता नवलाई राहिलेली नाही. ‘ग्लॉक’ने २०१५ मध्ये अशी साइट थेट बसवता येईल अशी पिस्तुले बाजारात आणली आणि इतर उत्पादकांनीही तीच वाट धरली. त्यामुळे नेमबाजीच्या वर्तुळात एक प्रश्न वारंवार चर्चिला जातो. हा ठिपका नेमबाजाची सोय आहे, की कौशल्याला दिलेली सवलत?

कल्पना जुनी, वापर नवा

काचेवर प्रकाशाचे चिन्ह उमटवून नेम धरण्याची कल्पना डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये मांडली. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांत तिचा सर्रास वापर झाला. स्वीडनच्या ‘एमपॉइंट’ कंपनीने १९७५ मध्ये बंदुकीसाठी विजेवर चालणारी लाल ठिपक्याची साइट तयार केली. अमेरिकेच्या डग कोएनिगने १९९० मध्ये ॲडलेड येथे प्रॅक्टिकल नेमबाजीचे जागतिक विजेतेपद मिळवले, ते ठिपक्याच्या साहाय्याने. त्या काळच्या साइट मात्र अवजड असत. स्लाइडचे हादरे सोसण्याइतक्या लहान आणि दणकट साइट सर्रास मिळू लागल्या, तेव्हाच हे तंत्र सामान्य नेमबाजाच्या आवाक्यात आले.

डोळ्यांचे गणित

पारंपरिक साइटमध्ये मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य या तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. म्हणूनच प्रशिक्षक माशीवर नजर ठेवायला आणि लक्ष्य धूसर दिसू द्यायला शिकवतात. चाळिशी लागलेल्या नेमबाजाला नेमकी ही माशीच अंधूक दिसू लागते. रेड डॉटमध्ये नजर लक्ष्यावर ठेवायची असते, कारण ठिपका लक्ष्यावरच टेकवल्यासारखा दिसतो. वयस्क नेमबाजांचा या साइटकडे असलेला ओढा केवळ हौसेपोटी नाही, तो यामुळे.

चुकीचे गणितही बोलके आहे. पिस्तुलाच्या खाच आणि माशी यांत साधारण १६ सेंटिमीटरचे अंतर असते. माशी अर्धा मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे आठ सेंटिमीटर भरकटते. ऑलिंपिकच्या २५ मीटर अचूकता फेरीतील लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास पाच सेंटिमीटरच असतो. म्हणजे दहाऐवजी सात-आठ गुणांवर समाधान मानावे लागते. ठिपक्यामुळे ही चूक होत नाही असे नाही. ती लगेच दिसते, इतकेच.

दिसते म्हणून सुधारते?

खरी मेख येथेच आहे. हाताचा नैसर्गिक कंप माशीवर फारसा जाणवत नाही. ठिपका मात्र तो प्रत्येक क्षणी दाखवतो. नवखा नेमबाज थरथरणारा ठिपका मधोमध येताच त्याला ‘पकडण्यासाठी’ झटक्यात चाप ओढतो आणि त्याच झटक्याने गोळी खाली जाते. पिस्तूल उचलताना मनगटाचा कोन चुकला, तर काचेत ठिपका दिसतच नाही. त्यामुळे जाणकार आधी रिकाम्या पिस्तुलावर सराव करायला सांगतात. मॅगझिन काढून, नळीत काडतूस नसल्याची दोनदा खात्री करून आणि काडतुसे वेगळ्या खोलीत ठेवूनच हा सराव करायचा असतो.

साइट बसवण्याचे कामही वाटते तितके किरकोळ नाही. प्रत्येक गोळीसरशी ती स्लाइडबरोबर वेगाने मागेपुढे होते. योग्य पट्टी, ठरावीक ताणाने आवळलेले स्क्रू, ते सैल होऊ नयेत म्हणून लावलेले चिकटद्रव्य आणि स्क्रूवर ओढलेली रंगाची खूण, यांतले काही राहून गेले तर नेम हळूहळू सरकतो आणि नेमबाज दोष स्वतःला देत बसतो. बसवल्यावर ठरलेल्या अंतरावर गोळ्या झाडून ठिपका जुळवावा लागतो. बॅटरी साइटच्या तळाशी असेल, तर ती बदलल्यावर हा जुळवलेला नेम पुन्हा तपासणे शहाणपणाचे. ठिपक्याचा आकारही महत्त्वाचा. सहा मिनिटांच्या कोनाचा ठिपका २५ मीटरवर सुमारे साडेचार सेंटिमीटर जागा झाकतो. तो चटकन दिसतो, पण बारीक नेमाला अडचणीचा ठरतो.

अमेरिकेच्या पारंपरिक ‘बुल्सआय’ स्पर्धेत या साइटला अनेक वर्षांपासून मुभा आहे. तरीही हर्शेल अँडरसन यांनी १९७४ मध्ये २७०० पैकी २६८० गुणांचा जो विक्रम केला, तो ठिपका सर्वत्र पसरल्यानंतरही कित्येक वर्षे अबाधित राहिला. एमपॉइंटची पहिली साइट येण्यापूर्वीचा हा विक्रम पुरेसा बोलका आहे. ठिपक्याने सामान्य नेमबाजाची पातळी वर आणली असेल, पण शिखर हात आणि मन यांच्याच जोरावर गाठले जाते.

नियमांची वाट

मग ऑलिंपिकने दार उघडावे का? प्रॅक्टिकल नेमबाजीने यावर तोडगा काढला आहे. तेथे ठिपका असलेल्या आणि नसलेल्या पिस्तुलांचे गट वेगळे आहेत. त्यामुळे कोणाचे कौशल्य कशाशी तोलायचे, हा घोळ राहत नाही. ऑलिंपिकच्या पिस्तूल स्पर्धेत मात्र तीन बिंदू एका रेषेत राखणे हाच परीक्षेचा भाग आहे. तो वगळला, तर खेळ सोपा होणार नाही. तो वेगळा होईल.

रेंजवर हौसेने जाणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला नियमांचा नव्हे, खिशाचा विचार करायचा असतो. अमेरिकेत नामांकित साइटला पाचशे डॉलर किंवा त्याहूनही अधिक मोजावे लागतात. तेवढ्या रकमेत बरीच काडतुसे आणि प्रशिक्षकाचे काही तास मिळू शकतात. डोळे साथ देत नसतील, तर साइटवरचा खर्च सार्थकी लागतो. चाप नीट ओढता येत नसेल, तर ठिपका त्या उणिवेचा फक्त साक्षीदार ठरतो.