संगणकाचा आकडा म्हणजे निदान नव्हे

कोलकात्यात मी प्रथिनांच्या रचना संगणकावर तपासते. त्यामुळे हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात चार मराठी माणसं भेटली की कुणीतरी मोबाइलवर जनुकचाचणीचा रिपोर्ट पुढे करतं, ‘ताई, जरा बघता का?’ हल्ली अशा रिपोर्टांत शून्य ते एकमधला एक आकडाही असतो. जनुकातला अमुक बदल घातक असण्याबद्दलचा तो संगणकाचा अंदाज. आईबाप मात्र तो दहावीच्या निकालासारखा वाचतात.

रोबो-३ या प्रथिनाचंच घ्या. गर्भात मेंदू घडताना काही चेतातंतू मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातात, आणि त्यांना ओलांडू देण्यात रोबो-३चा हात असतो. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली, तर हे तंतू अलीकडेच राहतात. मग मुलाला डोळे डावीउजवीकडे फिरवता येत नाहीत, ते मानच वळवतं आणि वाढत्या वयात त्याचा कणा वाकत जातो. या आजाराचं जनुक २००४मध्ये उघड झालं. आजार अतिशय दुर्मीळ आहे. पण मामेबहिणीशी लग्न लावणाऱ्या आपल्याकडच्या घरांत असा धोका वाढतो, हे कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं.

प्रथिनाची त्रिमितीय घडी वर्तवणाऱ्या आल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीत रोबो-३ उघडलं की पेशीबाहेरचे गोळे निळे दिसतात, म्हणजे तिथली घडी भरवशाची. पेशीच्या आतली शेपटी बरीचशी नारिंगी आणि विस्कटलेली, तिथे संगणकालाच खात्री नाही. निळ्या गोळ्यांपैकी काहींत दोन सिस्टीन गंधकाच्या बंधाने एकमेकांना धरून असतात. त्यातलं एक बदललं तर गोळा टिकणं कठीण, एवढं मी बेधडक सांगेन. शेपटीतल्या बदलाबद्दल तोंड उघडणार नाही. शिवाय बदललेला क्रम घातला तरी आल्फाफोल्ड बहुधा जवळपास तेच चित्र परत देतं. २०२४चं नोबेल त्याच्या कर्त्यांना मिळालं ते घडी ओळखण्यासाठी, आणि योग्यच मिळालं.

बदल घातक आहे की नाही, याची खरी पारख दोन ठिकाणी होते. एक प्रयोगशाळेत, पेशीत तो बदल घालून. त्याला महिने आणि पैसा लागतो, म्हणून तीच टाळली जाते. दुसरी धडधाकट माणसांत: तो बदल त्यांच्यात सर्रास आढळला, तर तो बहुधा घातक नाही. जगातल्या जनुकसंग्रहांत युरोपीय वंशाचे लोक भरमसाट आणि आपण मूठभर, त्यामुळे आपल्याकडे सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदलही तिथे दुर्मीळ, म्हणून संशयित ठरू शकतो. जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. सियालदहहून लोकलने जाता येतं त्या कल्याणीतली राष्ट्रीय संस्थाही या कामात होती. माझं म्हणणं एवढंच की रिपोर्ट देणाऱ्या प्रत्येक लॅबने हा संग्रह पाहिला की नाही, ते आकड्याशेजारी छापण्याची सक्ती करावी. पेशींवरच्या प्रयोगांसाठी सरकारने वेगळा पैसा ठेवावा.

तोवर रिपोर्ट हाती आलाच, तर आकडा सोडून आधी वर्गीकरणाची ओळ वाचा. ‘अर्थ अनिश्चित’ असं असेल, तर तेवढ्यावरून ना गर्भाबद्दल निर्णय घ्यावा, ना ठरलेलं लग्न मोडावं. जनुकतज्ज्ञाला गाठा, आईवडिलांचीही चाचणी करायची का ते विचारा, आणि दोनेक वर्षांनी तोच रिपोर्ट पुन्हा तपासून मागा. वर्गीकरण बदलतं.