भित्यापाठी ब्रह्मराक्षस

'रोमन हॉलिडे' हा चित्रपट आठवतो का, असे घरातल्या एखाद्या जुन्या चित्रपटशौकिनाला विचारून पाहा. बहुतेक वेळा चेहरा खुलतो. राजवाड्यातून गुपचूप पळालेली राजकन्या, तिने कापून घेतलेले केस, रोमच्या रस्त्यांवरून उधळलेली स्कूटर आणि ऑड्री हेपबर्नचे ते निरागस हसू. १९५३ सालच्या या चित्रपटाच्या कथेला ऑस्कर मिळाले. पण पडद्यावर कथालेखक म्हणून जे नाव झळकले, त्याने ती कथा लिहिलेलीच नव्हती. खरा लेखक होता डाल्टन ट्रम्बो. त्याच्या मित्राने आपले नाव त्याला उसने दिले होते. ट्रम्बो १९७६ साली वारला. त्याचे ऑस्कर १९९३ मध्ये त्याच्या पत्नीच्या हाती देण्यात आले आणि लेखनाचे पूर्ण श्रेय त्याला मिळायला २०११ साल उजाडावे लागले.

एका राजकन्येच्या गोड गोष्टीत एवढे लपवण्यासारखे काय होते? गोष्टीत काहीच नव्हते. लिहिणारा कम्युनिस्ट होता, एवढेच.

१९४७ च्या ऑक्टोबरात अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने हॉलिवूडमधल्या लेखक-दिग्दर्शकांना चौकशीसाठी बोलावले. प्रश्न ठरलेला असे: तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, किंवा पूर्वी कधी होता का? वास्तविक पक्षाचे सभासद असणे हा तेव्हा अमेरिकेत गुन्हा नव्हता. ट्रम्बोसह दहा जणांनी या प्रश्नाचे उत्तर द्यायला नकार दिला. समितीचा अवमान केला म्हणून त्यांना तुरुंगात जावे लागले. त्याहून मोठी शिक्षा चित्रपट कंपन्यांनी दिली. अशा माणसांना काम द्यायचे नाही, असे मालकांनी ठरवले. त्या काळ्या यादीत पुढे शेकडो नावे गेली. ट्रम्बो टोपणनावांनी, पडेल त्या भावात पटकथा लिहीत राहिला. १९५७ च्या समारंभात 'रॉबर्ट रिच' या लेखकाला ऑस्कर जाहीर झाले, तेव्हा ते घ्यायला रिच आलाच नाही. येणार कसा? तो ट्रम्बोच होता!

आता कुणी म्हणेल, अमेरिकेची भीती अगदीच निराधार होती का? तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९४९ मध्ये रशियाने अणुबॉम्बची चाचणी केली, त्याच वर्षी चीनमध्ये माओची सत्ता आली आणि १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले. अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम केलेला शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स रशियाचा हेर निघाला. १९९५ पासून अमेरिकेने खुल्या केलेल्या गुप्त संदेशांवरून ज्यूलियस रोझेनबर्गही हेरगिरी करत होता, हे स्पष्ट झाले. चोर खरोखरच घरात शिरले होते. पण चोर पकडण्याचे काम पोलिसांचे आणि न्यायालयाचे. ते सोडून आळीतल्या प्रत्येकाची झडती सुरू झाली की काय होते, ते पुढच्या काही वर्षांत दिसले.

१९५० च्या फेब्रुवारीत जोसेफ मॅकार्थी नावाच्या सिनेटरने, परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी आपल्यापाशी आहे, असे जाहीर केले. यादीतला आकडा भाषणागणिक बदलत गेला, पण त्याला जाब विचारायची हिंमत फारच थोड्यांना झाली. भीतीने माणसे किती हास्यास्पद होतात पाहा. सिनसिनाटीच्या प्रसिद्ध बेसबॉल संघाचे नाव 'रेड्स'. लाल रंग नको म्हणून संघाने ते काही वर्षे 'रेडलेग्ज' असे केले. इंडियाना राज्याच्या पाठ्यपुस्तक समितीतल्या एका सभासद बाईंना १९५३ मध्ये रॉबिनहूडची गोष्ट खुपली. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा म्हणजे कम्युनिस्टच!

यावर हसू येते, पण पुढचे वाचून ते मावळते. समितीला माफी मागणारा माणूस पुरत नसे. त्याने दुसऱ्यांची नावे सांगावी लागत. बऱ्याचदा ती नावे समितीला आधीच ठाऊक असत. हवी असे ती माणसाची शरणागती. दिग्दर्शक एलिया कझान याने १९५२ मध्ये आपल्या आठ जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगितली. त्याचा जिवलग मित्र आर्थर मिलर सेलम गावातल्या चेटूक खटल्यांची कागदपत्रे चाळत होता. १६९२ साली त्या गावात चेटकीच्या संशयावरून एकोणीस जणांना फाशी दिली गेली. गुन्हा कबूल करणारे वाचले आणि नाकारणारे फासावर गेले. मिलरचे 'द क्रूसिबल' हे नाटक १९५३ च्या जानेवारीत ब्रॉडवेवर आले आणि तीन वर्षांनी समितीने मिलरलाच बोलावले. त्याने स्वतःबद्दल सांगितले, दुसऱ्यांची नावे मात्र सांगितली नाहीत. १९५७ मध्ये तो दोषी ठरला आणि १९५८ मध्ये वरच्या न्यायालयाने त्याला मोकळे केले.

पण एवढ्यावर थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. ज्या देशाच्या नावाने अमेरिका थरथरत होती, तिथे काय चालले होते? कवी ओसिप मांडेलश्टाम याने स्टालिनवरची एक कविता मोजक्या परिचितांत म्हणून दाखवली. कुणीतरी ती वर पोहोचवली. १९३४ मध्ये त्याला अटक झाली आणि १९३८ मध्ये तो छावणीत मेला. कागद घरात ठेवणे धोक्याचे, म्हणून त्याची पत्नी नादेझ्दा हिने त्याच्या कविता वर्षानुवर्षे पाठ करून जपल्या. अमेरिकेत नोकऱ्या गेल्या, काही जण तुरुंगात गेले. रशियात लाखो जिवांची आहुती पडली. ही दोन मापे सारखी नाहीत आणि ती सारखी म्हणू नयेत. पण यंत्र ओळखीचे आहे. इथेही यादी, तिथेही यादी, आणि मित्राचे नाव सांगणारा मित्र दोन्हीकडे.

हॉवर्ड फास्ट या कादंबरीकाराने या यंत्राचे दोन्ही दात अनुभवले. स्पेनच्या निर्वासितांसाठी देणग्या देणाऱ्यांची नावे सांगितली नाहीत म्हणून तो १९५० मध्ये तीन महिने अमेरिकन तुरुंगात होता. बाहेर आल्यावर त्याने 'स्पार्टाकस' लिहिली. प्रकाशक मिळेना, तेव्हा १९५१ मध्ये स्वतःच छापली. पुढे १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या अत्याचारांची कबुली दिली, तेव्हा फास्ट हादरला आणि पक्षाबाहेर पडला. लगेच मॉस्कोने, कालपर्यंत डोक्यावर घेतलेल्या या लेखकावर टीकेची झोड उठवली. १९६० मध्ये 'स्पार्टाकस'चा चित्रपट आला आणि त्यावर पटकथाकार म्हणून ट्रम्बोचे खरे नाव उजळ माथ्याने झळकले.

आपल्याकडे हे घडले नाही असे नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा प्रचंड संप झाला आणि इंग्रज सरकारला धडकी भरली. १९२९ च्या मार्चमध्ये डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर आदींना पकडून मीरतला नेले. मुंबईत खटला चालवला असता तर ज्युरी नेमावी लागली असती. मीरतला ती कटकट नव्हती. खटला रेंगाळला, १९३३ मध्ये जबर शिक्षा झाल्या आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच कमी केल्या. सरकारला जो विचार दडपायचा होता तो आरोपींच्या जबान्यांतून देशभर गेला, हे वेगळेच.

म्हणून मला वाटते, समाज कशाला भितो यापेक्षा भीतीपोटी कोणता नियम गुंडाळून ठेवतो, ते पाहावे. साक्ष नको, ज्युरी नको, पुरावा नको, नुसते नाव पुरे, असे ज्या दिवशी ठरते त्या दिवशी शत्रू जिंकलेला असतो. मॅकार्थीला सिनेटने १९५४ च्या डिसेंबरात ठपका ठेवला. तीन वर्षांच्या आत तो मेला. पण शिक्के मारण्याची सवय त्याच्याबरोबर गेली नाही. शिक्क्यावरचा शब्द देशकालाप्रमाणे बदलतो, एवढेच. जेवताना घरात एखाद्या शेजाऱ्याबद्दल 'तो त्यांच्यातला आहे म्हणे' असे कुणी म्हणाले, तर एकच विचारावे: 'कशावरून?' मुलांच्या कानावर हा प्रश्न वेळोवेळी पडला पाहिजे.